पत्ता कुणाकडे आहे?

द्वारका चौकात सकाळी साडेनऊला उभं राहून स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू आलं, तर समजावं की आज कुणाचा तरी संप आहे. ट्रक, टेम्पो, रिक्षा, मालेगावकडे निघालेल्या एस्ट्या, सगळ्यांना एकाच वेळी पुढे घुसायचं असतं. चौकापासून हाकेच्या अंतरावर, टायरच्या दुकानांमागे एक तीन मजली इमारत होती आणि तिच्यात एक रक्तपेढी होती. गोष्ट दोन हजार पाच सालची.

रक्तपेढीचा संगणक विभाग शुभांगी सांभाळायची. वय चौतीस. माहेर मखमलाबादकडचं, घरची गुलाबाची शेती. बाई हुशार, कामाला वाघ, पण कशावरही चटकन विश्वास ठेवायचा नाही हा स्वभाव. देवळात गेली तरी चप्पल कुठे काढली ते दोनदा वळून बघायची. धाकटी बहीण पल्लवी तिला त्यावरून चिडवायची, आणि शुभांगी म्हणायची, "माझी चप्पल कधी गेली का? नाही ना? मग."

जिल्ह्यातले चौदा दवाखाने या रक्तपेढीला जोडलेले होते. प्रत्येकात एक संगणक आणि एक खरखरणारा प्रिंटर. रक्त लागलं की तिथला माणूस गट आणि पिशव्यांची संख्या भरून विचारणा पाठवायचा. इथलं यंत्र साठा बघून उत्तर द्यायचं आणि तिथे चिठ्ठी छापून निघायची. उत्तरं तीनच: 'उपलब्ध', 'उपलब्ध नाही' आणि 'फोन करा'. ती शुभांगीने स्वतःच्या हाताने टंकली होती.

उत्तर देणारी यंत्रं दोन होती. एक पहिल्या मजल्यावर शुभांगीच्या टेबलाखाली, दुसरं तिसऱ्या मजल्यावर तिचा सहकारी मयूर याच्याकडे. एक बंद पडलं तर दुसऱ्याने काम उचलायचं. पण दवाखान्यांना ही भानगड ठाऊक नव्हती. त्यांच्याकडे एकच पत्ता होता. तो कुठल्याच यंत्राला कायमचा चिकटलेला नव्हता. आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. ज्याच्याकडे पत्ता, त्याने उत्तर द्यायचं. तांत्रिक नाव व्हर्च्युअल आयपी. रक्तपेढीत सगळे त्याला नुसतं 'पत्ता' म्हणायचे.

खरं तर पत्त्याची देवाणघेवाण यंत्रांनी आपापसात करायची असते. दोघं एकमेकांना सतत विचारत राहतात, 'आहेस ना?' आणि समोरून उत्तर आलं नाही की दुसरा पत्ता उचलतो. पण त्या साली भारनियमन रोजचंच झालं होतं. साडेनऊला वीज जायची ती बाराला यायची. वीज जाताना मधली जोडणी क्षणभर मिटली, की दोन्ही यंत्रांना वाटायचं की दुसरा गेला, आणि दोघंही पत्ता घेऊन बसायची. एकदा अशाने एकच पिशवी दोन रुग्णांना कबूल झाली. तेव्हापासून रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टरबाईंनी फर्मान काढलं: पत्ता यापुढे माणसांनी हाताने द्यायचा आणि हाताने घ्यायचा, आणि वहीत सही करायची.

मग रोज सकाळी नऊ पंचवीसला, बॅटरीचा भरवसा नको म्हणून, शुभांगी इंटरकॉम उचलायची. वरच्या मजल्याला जनरेटर होता.

"देऊ का?"

"द्या."

ती खालच्या यंत्रावरून पत्ता काढायची. मयूर वर चढवायचा आणि म्हणायचा, "घेतला." वहीत दोन रकाने होते, 'दिला' आणि 'घेतला'. तान्हं मूल एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर द्यावं इतक्या जपून हा कारभार चालायचा, आणि दोघांनाही त्याची पुरती सवय झाली होती.

सवय झाली की चूक होतेच. मार्चमधल्या एका मंगळवारी शुभांगीने "देऊ का?" विचारलं, मयूर "द्या" म्हणाला, तिने पत्ता काढला, आणि त्याच क्षणी मयूरला डॉक्टरबाईंनी हाक मारली. तो उठून गेला. शुभांगीलाही कुणीतरी भेटायला आलं. अकरा मिनिटांनी मयूर जागेवर आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की पत्ता आपण घेतलाच नाही.

तो धावत खाली आला. "ताई, अकरा मिनिटं पत्ता कुणाकडेच नव्हता. किती फोन आले?"

शुभांगीने फोनकडे पाहिलं. पत्ता एक मिनिट हलला तरी चौदा दवाखान्यांतून बोंबाबोंब व्हायची. सकाळची वेळ म्हणजे ऑपरेशनची वेळ.

"एकही नाही," ती म्हणाली.

"चला, सुटलो." मयूर हसला आणि वर गेला.

शुभांगी मात्र हसली नाही. एखाद्या गोष्टीची तक्रार आली नाही म्हणून अस्वस्थ होणारी ती या चौकातली एकटीच बाई असेल. तिने मालेगावला फोन लावला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, सकाळी साडेनऊच्या सुमारास संगणक नीट चालला का?

"एकदम मस्त, मॅडम. आज तर लय फास्ट होता."

तिने पुढचा नंबर फिरवला.

दुपारपर्यंत तिने चौदाही दवाखान्यांना विचारलं. त्या अकरा मिनिटांत चार चिठ्ठ्या निघाल्या होत्या. तीन फोनवर वाचून घेतल्या. दोन बरोबर होत्या. मालेगावने ए पॉझिटिव्हच्या तीन पिशव्या मागितल्या होत्या आणि उत्तर आलं होतं, 'उपलब्ध: २'. साठ्यात तीन होत्या. शुभांगीने स्वतः फ्रीज उघडून मोजल्या. तीनच. मग तिने तिसरी उजेडात धरली. शिवणीपाशी बारीक चीर होती आणि बोटाला ओल लागली.

चौथी चिठ्ठी नांदगावची होती. तिथला यादवभाऊ म्हणजे शांत माणूस, तीस वर्षं दवाखान्यात काढलेली.

"ताई, चिठ्ठी हाय माज्यापाशी. पन तिच्यावर येगळंच लिवलंय."

"काय लिहिलंय?"

"'गरज नाही'. म्हनलं तुमी काय नवीन चालू केलं आसंल."

"यादवभाऊ, असं उत्तर आपल्या यंत्रात नाहीच."

यादवभाऊंनी आवाज खाली आणला. "म्हातारी व्हती पेशंट. पावनेअकराला गेली बघा. तुमी पिशवी धाडली आसती तरी गाडी निम्म्या वाटंतच आसती."

कुणाकडेही पत्ता नसताना कुणीतरी उत्तरं दिली होती. आणि ती बरोबर होती. चुकीची असती तर शुभांगी इतकी घाबरली नसती.

पहिला संशय आला मयूरवर. तो हुशार होता, त्याला थट्टेची खोड होती, आणि वरच्या मजल्यावर तो काय करतो ते बघायला कुणी नव्हतं. तिसरं एखादं यंत्र लपवून पत्ता त्याच्यावर चढवणं त्याला अवघड नव्हतं. तो जेवायला गेला तेव्हा शुभांगीने वर जाऊन टेबलाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं, अखेर त्याचा खण उघडला. त्यात एक डबा, मुलीचा फोटो आणि पित्ताच्या गोळ्या. खण बंद करताना दारात मयूर उभा होता.

"मला विचारायचं ना, ताई," तो एवढंच म्हणाला.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिने त्याला सगळं सांगितलं. फोनवर उतरवून घेतलेल्या चिठ्ठ्या दाखवल्या. मयूरने त्या दोनदा वाचल्या आणि म्हणाला, "रविवारी बघू. दवाखान्यांना आधी कळवून दुपारी दोन तास सगळं बंद ठेवू."

रविवारी दुपारी दोघं पहिल्या मजल्यावर बसले. बाहेर ऊन, चौक जरा निवांत, खाली आवारात जीपचा ड्रायव्हर रावजी सावलीत डुलक्या घेत होता. संगणकावरून एखाद्या पत्त्याला नुसती हाक मारता येते. तिथे कुणी असेल तर ओ येते, आणि ओ यायला किती वेळ लागला तेही पडद्यावर दिसतं. यंत्र जितकं जवळ, तितकी ओ लवकर.

दोन्ही यंत्रांवरून पत्ता काढला. हाक मारली.

ओ आली. सेकंदाला एक, ओळीखाली ओळ.

मयूरने दोन्ही यंत्रांच्या पिना उपटल्या. ओ येतच राहिली. मग जिथे सगळ्या तारा एकत्र येतात त्या डब्यापाशी जाऊन त्याने एकेक तार काढायला सुरुवात केली. प्रत्येक तार काढली की शुभांगी सांगायची, "येतेय." बारा तारा निघाल्या. उरली फक्त शुभांगीच्या संगणकाची.

"ताई, वेळ किती दाखवतंय?"

तिने पाहिलं. पायाशी असलेल्या यंत्राची ओ यायला जेवढा वेळ लागायचा, त्याच्या निम्मा. जे कोण ओ देत होतं, ते टेबलाखालच्या यंत्रापेक्षाही तिच्या जवळ होतं. तिने नकळत खुर्ची मागे सरकवली.

"काढ शेवटची," ती म्हणाली.

मयूरने तार काढली आणि हातात धरून दाखवली.

पडद्यावर आणखी दोन ओळी आल्या. मग थांबल्या.

"आधीचं काहीतरी अडकलं असेल आत," मयूर म्हणाला. त्यानंतर या विषयावर त्याने थट्टा केली नाही.

शुभांगीला याची उकल नको होती. तिला धास्ती वेगळीच होती. पल्लवी नांदगावला दिली होती आणि त्याच महिन्याच्या शेवटी तिचं बाळंतपण होतं. वार खाली आलेली, डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेलं की रक्तस्राव होऊ शकतो, रक्त तयार ठेवा. गट बी निगेटिव्ह. अख्ख्या जिल्ह्यात या गटाचे नेहमीचे रक्तदाते सात. रावजी ड्रायव्हर त्यातलाच एक, पेठकडचा, तीन महिन्यांनी न चुकता दंड पुढे करायचा. रक्त नांदगावच्या दवाखान्यात नेऊन ठेवावं तर तिथे ते साठवायची सोय नव्हती. म्हणजे पल्लवीसाठी विचारणा त्याच पत्त्यावर येणार होती. त्या वेळी पत्ता कुणाकडे असेल, आणि तो काय उत्तर देईल?

तिने दोन गोष्टी ठरवल्या. एक, यापुढे भारनियमनातही पत्ता आपल्याच यंत्रावर ठेवायचा, क्षणभरही मोकळा सोडायचा नाही. त्यासाठी तिने दुसरी बॅटरी बसवून घेतली. दोन, डॉक्टरबाईंच्या सहीने चौदा दवाखान्यांना पत्र पाठवलं: सकाळी साडेनऊ ते बारा या वेळेत निघालेली कोणतीही चिठ्ठी शुभांगीशी फोनवर बोलून खात्री केल्याशिवाय खरी मानू नये.

मयूरने पत्र वाचलं. "ताई, दवाखाने चौदा आणि तुमचा फोन एक."

"मग?"

"उत्तरं आजवर चुकीची आलेली नाहीत, एवढंच म्हणतो."

"म्हणूनच," शुभांगी म्हणाली. "जो कोण आहे तो माझा विश्वास मिळवतोय. मी देणार नाही."

गुरुवारी साडेनऊला वीज गेली. पत्ता शुभांगीच्या यंत्रावर होता, पडद्यावर तसं स्वच्छ दिसत होतं. दहाला पाच मिनिटं असताना यादवभाऊंचा फोन आला.

"ताई, पल्लवीला आत घेतलंय. आवचित कळा चालू झाल्या. दोन पिशव्यांची विचारना धाडली बघा."

शुभांगीने पडद्यावर पाहिलं. काहीच आलं नव्हतं.

"परत पाठवा, भाऊ. पोचली नाही."

"पोचली की. उत्तर बी आलं."

तिने टेबलाची कड धरली. "काय आलं?"

"कसं सांगू, ताई," यादवभाऊ म्हणाले.

"भाऊ, वाचा."

"'गरज नाही', ताई."

पत्ता तिच्याकडे होता. तिच्या यंत्राने ना विचारणा पाहिली होती ना उत्तर दिलं होतं. त्या म्हातारीलाही हेच उत्तर आलं होतं. शुभांगी उठली. तिने फ्रीज उघडला. बी निगेटिव्हच्या दोनच पिशव्या होत्या. बर्फाच्या पेटीत ठेवून ती स्वतः जिना उतरली.

रावजी कपात बिस्कीट बुडवत होता. तिचा चेहरा बघून त्याने कप तसाच ठेवला.

"नांदगाव, रावजी. माझ्या बहिणीसाठी. लवकर, पण सांभाळून."

"तुमी काय काळजी करू नका ताई. आपलाच गट हाय, मी पोचवतो," तो म्हणाला आणि पेटी सीटखाली नीट बसवली.

सव्वादहाला जीप टायरच्या दुकानांमागून वळून महामार्गाला लागली.

शुभांगी वर आली आणि नांदगावला फोन लावला. "भाऊ, फोन ठेवू नका. तिथेच राहा. काय होतंय ते मला सांगत राहा."

यादवभाऊंनी फोन ठेवला नाही. अकरा वाजले. तिच्या कानाला रिसीव्हर चिकटला होता. पलीकडे पावलांचे आवाज, ट्रॉलीचा खडखडाट, मधूनच यादवभाऊंचं "अजून नाय, ताई." साडेअकरा. तिने आयुष्यात पहिल्यांदा नवस बोलला, आणि कुणाला बोलतेय हेही तिला कळलं नाही.

बाराला दहा कमी असताना पलीकडे कुणीतरी ओरडलं.

"मुलगी! ताई, मुलगी झाली! पल्लवी चांगली हाय, डागदर म्हनत्यात रक्त फार गेलंच नाय. पिशवीची काय गरज पडली नाय बघा!"

शुभांगी टेबलावर डोकं टेकून रडली. हसलीही. गरज नाही म्हणजे खरंच गरज नाही! तिने यादवभाऊंना बाळाचं वजन विचारलं, रंग विचारला, नाक कुणावर गेलंय ते विचारलं, पल्लवीला बाहेर आणेपर्यंत थांबायला सांगितलं. वीज आली, पंखा फिरू लागला. मयूर खाली येऊन दारात उभा होता, तोही हसत होता.

बारा वाजून चाळीस मिनिटांनी तिने फोन ठेवला.

तो लगेच वाजला.

"मॅडम, मी सृष्टी, चांदवडहून." तिथल्या दवाखान्यात संगणकावर बसणारी मुलगी. तिला नीट बोलता येत नव्हतं. "पाऊण तास तुमचा फोन एंगेज आहे, मॅडम."

"काय झालं?"

"वडाळीभोईपाशी ट्रॅक्टरने जीप उडवली. दूधवाल्याने ड्रायव्हरला आमच्याकडे आणून टाकलं. खिशात रक्तदानाचं कार्ड होतं, बी निगेटिव्ह. रावजी नाव."

शुभांगी उभी राहिली.

"आम्ही विचारणा पाठवली. उत्तर आलं, 'उपलब्ध: २. गाडीत आहेत. सीटखाली.' मला कळेना कुठली गाडी. आणि तुमचं पत्र होतं ना, मॅडम, तुमच्याशी बोलल्याशिवाय चिठ्ठी मानायची नाही. मी सारखा फोन लावत होते."

"रावजी कसा आहे?"

सृष्टी रडू लागली. "जाऊन दहा मिनिटं झाली, मॅडम. आत्ता पोलिसांनी जीपमधली पेटी आणून ठेवलीय. जीप इथून पंधरा मिनिटांवर होती."

मयूरने तिच्या हातातून रिसीव्हर घ्यायला हात पुढे केला. तिने दिला नाही.

"एक सांगायचं राहिलं," सृष्टी म्हणाली. "ती चिठ्ठी दुसऱ्यांदा आली, मॅडम. तशीच एक सकाळी आली होती, आम्ही काही मागवलं नसताना. मी पत्राप्रमाणे बाजूला काढून ठेवली."

"तिच्यावर वेळ काय आहे?"

कागद उलगडल्याचा आवाज आला.

"नऊ एक्केचाळीस."

नऊ एक्केचाळीसला पल्लवी अजून घरीच होती. पिशव्या फ्रीजमध्ये होत्या. रावजी खाली आवारात जीपची काच पुसत होता, आणि त्याला कुठे पाठवायचं असं शुभांगीच्या मनातही आलेलं नव्हतं.